भ्रमणगाथा घेऊन नर्मदातीरीं

कादंबरी वाचून यात्रेस निघणें आमच्या वयास शोभत नाहीं, हें खरें. तथापि गो. नी. दांडेकर यांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ गतवर्षीं पावसाळ्यांत दुसऱ्यांदा वाचून झाली आणि माघांत आम्ही सहकुटुंब ओंकारेश्वरास गेलों.

दांडेकरांनीं (१९१६–१९९८) स्वतः नर्मदेची परिक्रमा पायीं केली होती. म्हणून कादंबरींतील वाट ऐकीव वाटत नाहीं. अमरकंटकापासून भरुचेच्या खाडीपर्यंत नदी सुमारे १३१२ किलोमीटर वाहते. तिला सतत उजव्या हातास ठेवावयाचें, पात्र कोठेंही ओलांडावयाचें नाहीं आणि पोटापुरतें मागून खावयाचें, हे परिक्रमेचे नेम. २०१७ सालीं पूर्णत्वास गेलेल्या सरदार सरोवराच्या पाण्याखालीं जुनी तीरवाट बऱ्याच ठिकाणीं बुडाली. नेम मात्र बुडालेले नाहींत.

आम्हांस बोचला तो तिसरा नेम. मुंजींत मातोश्रींपुढें भिक्षापात्र धरिलें, त्यानंतर जन्मांत कोणापुढें हात पसरला नाहीं, हा आमचा अभिमान. ३६ वर्षें संस्कृत शिकविलें. अपरिग्रहावर मुलांकडून निबंधही लिहवून घेतले! कादंबरींतला तो ‘कुणी एक’ दारोदार उभा राहतो. आपण राहूं शकूं काय, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही सुटेना.

ओंकारेश्वर हें पात्रांतील बेट. तेथें जाणें म्हणजे नदी ओलांडणें. म्हणून परिक्रमावासी दक्षिणतीरावर ममलेश्वरापाशींच थांबतात. आम्ही पुलावरून दर्शन आटोपून परतलों, तों घाटावर एक परिक्रमावासी वृद्धा तीन दगडांच्या चुलीवर टिक्कड भाजीत होती. आम्हीं कांहीं विचारण्यापूर्वींच तिनें एक टिक्कड व मिठाचा खडा पुढें केला. आमचा हात गेला तो खिशांत. नोट पाहून ती हंसली, “हें मैयाचें आहे, बाबा,” अशा अर्थाचें कांहीं बोलली, आणि टिक्कड शेजारच्या साधूच्या हातावर ठेवून मोकळी झाली.

“अहो, दिलेलें घ्यावें, एवढें तरी त्या पुस्तकांत होतें ना?” सौ. म्हणाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

दुसरे दिवशीं पहांटे पाकीट धर्मशाळेंत ठेवून आम्ही एकटेच घाटावर गेलों. वृद्धा पुढील मुक्कामास निघून गेली होती. बराच वेळ पायरीवर बसलों. मग परत येऊन बाजारांत पोहे घेतले आणि खांडव्याची गाडी धरली.