सरकत्या काचा

बदलीच्या नोकरीत घर नावाची वस्तू माणसाच्या मालकीची क्वचितच असते. बंगला सरकारचा, पलंगाच्या पायावर यादीचा क्रमांक रंगविलेला, आणि अंगणात आपण लावलेल्या आंब्याचा मोहोर पाहण्याचे भाग्य मागाहून येणाऱ्या अधिकाऱ्याच्या कपाळी. नऊ बदल्यांनंतर मी जे एक घर स्वतःच्या नावावर केले त्याला चार चाके आहेत. १९८६ सालची ती मॅटाडोर होय. पूर्वी ती शाळेची मुले वाहून नेत असे. माझ्याकडे आल्यावर तीत दोन बाके, एक ओटा, पाण्याची टाकी आणि भिंतीतले कपाट आले. तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या गावी, माझ्या भाड्याच्या घराशेजारी, नारळाच्या झावळ्यांच्या मांडवाखाली सध्या तिचा मुक्काम आहे.

मॅटाडोर म्हटले की आपल्याकडील पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाचा चेहरा उजळतो. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने मूळ जर्मन बांधणीची ही गाडी पुण्याजवळ आकुर्डीस तयार केली, आणि पाहता पाहता तिचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. वऱ्हाड मॅटाडोरमधून, गणपती मॅटाडोरमधून, बदलीचे सामानही मॅटाडोरमधून. कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. गाडी तर निघायची केव्हाच थांबली.

जो भेटतो तो इंजिनाची विचारपूस करतो. वास्तविक इंजिन हा सरळ स्वभावाचा प्राणी आहे. त्याचे काही बिघडले तर ते धूर काढून, आवाज करून चारचौघांत सांगते. जुन्या गाडीचा घात करते ती खिडकी, आणि तोही बिनबोभाट. माझ्या गाडीला दोन्ही बाजूंस सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत. एका चौकटीत दोन काचा, त्यांच्यासाठी खाली दोन समांतर खाचा, खाचांत नमद्याची पट्टी. पाऊस काचेवरून ओघळतो तो या खाचेतच साठतो. म्हणून बांधणाऱ्याने खाचेच्या तळाशी बाहेरच्या अंगास बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती मोकळी आहेत तोवर सारे ठीक. ती बुजली की खाचेची पन्हळ होते. बाहेर जाण्याची वाट नाही म्हणून पाणी आतला काठ ओलांडते, प्लायवूडच्या मागून उतरते आणि पत्र्याच्या दुमडीत जाऊन बसते. प्रथम कुबट वास येतो. मग एके दिवशी जमीन अंगठ्याने दाबावी तर अंगठा आत जातो.

पापनाशमला या दुखण्यास ऋतुमानही अनुकूल. हा कावेरीच्या मुखाजवळचा भातप्रदेश. पोंगलनंतर सांबा भाताची मळणी सुरू झाली की तूस आणि पेंढ्याची धूळ वाऱ्यावर उडते व अचूक त्या छिद्रांत जाऊन बसते. उन्हाळाभर ती तेथे घट्ट होते. पुढे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस येतो, तो आपल्या कोकणातल्यासारखा आषाढश्रावणात नव्हे तर दिवाळीच्या दिव्यांवर. आधी बूच, मग पाणी, असा हा क्रम आहे.

दोन वर्षांमागे गाडीत पहिल्यांदा ओल दिसली, तेव्हा एका मोठ्या शहरातील कारखान्यात मी ती नेली. तेथील व्यवस्थापकांनी हसून सल्ला दिला, की काचा कायमच्या बसवून टाका आणि वर गारव्याचे यंत्र लावा. हल्ली काच उघडतो कोण? मी नको म्हटले. तेव्हा त्यांनी प्रत्येक चौकटीभोवती सिलिकॉनची जाड रेघ ओढून दिली. त्या रेघेत छिद्रेही गडप झाली. महिनाभर आत थेंब आला नाही. दिवाळीच्या पावसात मात्र आईच्या बाकाखालचे लाकूड पुरीसारखे फुगले.

कायमची काच मला का नको, हे सांगितले पाहिजे. माझी आई ८४ वर्षांची आहे. बंद काचेच्या डब्यात तिचा जीव घाबरा होतो. आगगाडीचा गार डबा तिने एकदाच पाहिला आणि पुन्हा नाव काढले नाही. दरवर्षी वैशाखात ती कराडला धाकट्या बहिणीकडे जाते. दोघींचे वय मिळून १६३. भेटीत विशेष काही बोलत नाहीत, शेजारी बसून भाजी निवडतात. हा प्रवास ती मॅटाडोरमधूनच करते, आणि तोही हाताशी उघडणारी खिडकी असेल तर. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन ती वाढवून मिळते. माझी पुढली तपासणी येत्या मार्चात आहे. तळाचा पत्रा कुजलेला आढळला तर गाडी भंगारात जाईल आणि मावशीकडचे जाणेही तिच्याबरोबर संपेल.

शेवटी उपाय गावातच निघाला. स्टेशनच्या रस्त्यावर दारेखिडक्यांची कामे करणारा एक वृद्ध मेस्त्री आहे. (आपला मिस्त्री आणि तमिळांचा मेस्त्री ही एकाच पोर्तुगीज गुरूची मुले. तमिळ खिडकीस ‘जन्नल’ म्हणतात, तोही पोर्तुगीज शब्दच. गोव्यात तो ‘जनेल’ होऊन राहिला आहे.) त्याने खिळ्याने सिलिकॉन टोकरले आणि मला विचारले, “सार, तुम्ही राहता त्या घरात मुट्रम आहे ना?” मुट्रम म्हणजे आपल्या वाड्यातला उघडा चौक. मी हो म्हटले. “पाऊस त्यात पडतोच. घर बुडते का? कोपऱ्यात मोरी आहे म्हणून नाही बुडत. तुमच्या त्या माणसांनी मोरी लिंपून ठेवली.”

मग तीन दिवस काम चालले. काच वरच्या खाचेत उचलून खालून बाहेर ओढायची. सिलिकॉन पात्याने खरवडायचे. जुना नमदा फेकायचा. गंज पॉलिश कागदाने घासून वर रेड ऑक्साइडचे दोन हात. गाडी मांडवाखाली किंचित पुढे झुकून उभी राहते हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्याने प्रत्येक खाचेच्या पुढल्या टोकाला एक नवे छिद्र पाडले. नवा नमदा चिकटविला तो छिद्रांपाशी कापून. मी तेलाची बाटली आणली तेव्हा त्याने ती परत पाठविली. तेलावर तूस बसले की त्याचा लगदा होतो. खाचेत शंखजिऱ्याची कोरडी पूड किंवा मेणबत्तीचा तुकडा घासावा, एवढे पुरे.

आता दर पंधरवड्यास खराट्याची काडी छिद्रांतून फिरवितो आणि खाचेत तांब्याभर पाणी ओततो. सर्व पाणी बाहेर जमिनीवर पडताना दिसले पाहिजे. हे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. मी ओततो, ती खुर्चीवर बसून धारा मोजते आणि कमी भरल्यास मला परत काडी घ्यावयास लावते. सरफोजीराजे १८२० साली मोठ्या लवाजम्यानिशी तंजावराहून काशीयात्रेस निघाले. सरस्वती महालातील कागद चाळणाऱ्या विद्वानांना त्या यात्रेतील दानधर्माचे कौतुक वाटो. मला मेण्याच्या पडद्यास ठिगळ लावणाऱ्याचे नाव वाचावयास अधिक आवडेल.

डावीकडली मागची खिडकी अजून व्हावयाची आहे. तिच्या मापाचा नमदा कुंभकोणमला मिळाला नाही. तंजावरच्या दुकानदाराने पोंगलनंतर यावयास सांगितले आहे. तोवर तिच्यावर ताडपत्री बांधली असून आईचे बाक उजवीकडे हलविले आहे.