इन्स्ट्रूवाल्यांची गालगागा

पुण्यातलं बिबवेवाडी लिहायला पाच अक्षरं लागतात, बोलायला चारच अवयव पुरतात: बिब्-वे-वा-डी. मधल्या ‘ब’चा अकार आपण गिळतो, तो गिळायला कुणी शिकवलेलं नसतं. याच भागात ‘अप्पर’ हे इंग्रजी विशेषण ‘इंदिरानगर’ला मागे सोडून स्वतःच नाम झालं. लोक अप्परला जातात, अप्परहून येतात.

अशा ठिकाणी ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ हे अभियांत्रिकी शाखेचं नाव ऐकायला मला फार आवडतं. १९८३ साली सुरू झालेलं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी इथंच, अप्परला आहे, त्यामुळे बसथांब्यावर हा शब्द कानी पडतोच. मुळाशी लॅटिन धातू ‘स्त्रुएरे’, म्हणजे रचणं. आधी ‘इन’ लागून झालं सज्ज करणं, मग ‘मेंट’ लागून त्याचं साधन, शेवटी ‘एशन’ लागून साधनं बसवण्या-वापरण्याची अख्खी विद्या. आपल्या ‘उपकरण’चीही घडण तीच: उप, कृ, अन. संस्कृत आणि लॅटिन दूरच्या बहिणी. माहेरची रीत दोघींनी जपली आहे.

‘इन्स्ट्रुमेंट’ म्हणताना इंग्रज पहिल्या अवयवावर जोर देतो. ‘एशन’ जोडलं की तो जोर उठून थेट ‘टे’वर जाऊन बसतो, आणि ‘ट्रु’, ‘शन’ यांचे स्वर मंदावतात. फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक यांतही तो असाच एकेक घर पुढे सरकतो. मराठीत जोर हलवल्यानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपला कान लघू (ल) आणि गुरू (गा) तोलतो. म्हणून थांब्यावरची मुलं म्हणतात इन्स्-ट्रु-मेन्-टे-शन: गा-ल-गा-गा-गा. पहिले चार अवयव म्हणजे गझलेतली चोख गालगागा! या उच्चाराला चुकीचा म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. त्यात एकाही स्वराला कोपऱ्यात ढकललेलं नाही.

घाईत मात्र याच मुलांच्या तोंडी नुसतं ‘इन्स्ट्रू’ येतं. “तुला इन्स्ट्रू मिळालं का रे?” इंग्रजीनं ज्या ‘टे’ला सगळा मान दिला, नेमका तोच गळाला. आणि ऱ्हस्व ‘ट्रु’ शब्दाच्या शेवटी येताच दीर्घ झाला. मराठीत शेवटचा उकार सहसा दीर्घ असतो, आणि या उपऱ्या शब्दालाही तो नियम आपसूक लागू झाला. मग त्यावर प्रत्यय चढू लागतात. “उद्या इन्स्ट्रूवाल्यांनासुद्धा सुट्टी आहे!” पाच अवयवांचा शब्द कापून दोनांवर आणला, आणि बस यायच्या आत सातांवर नेला.