नव्या तलंगा जुन्या कळपात सोडताना



परिसर अभ्यासात पाळीव प्राण्यांचा विषय निघाला की मी आधी वर्गालाच विचारते, घरी कोण काय पाळतं? आमच्या तळेगावात (श्यामजी पंत) कोंबड्यांसाठी भरपूर हात वर होतात. यंदा चौथीतल्या एका मुलाने उलट मलाच विचारलं, "मॅडम, आमच्या घरी नव्या कोंबड्या आणल्या, त जुन्या त्यायले लय मारतेत. काहून?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे घरातले पैसे आहेत. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत 50 टक्के अनुदानावर 25 तलंगा आणि 3 नर असा गट मिळतो. उरलेली निम्मी रक्कम घरची बाई बचत गटातून किंवा मजुरीतून उभी करते. त्या तलंगा आठवडाभरात रक्तबंबाळ होऊन मरू लागल्या तर अंड्याचं स्वप्न अंड्याआधीच फुटतं. म्हणून हा लेख.

तलंग म्हणजे वयात येत असलेली, अजून अंडं न दिलेली कोंबडी. योजनेतल्या तलंगा 8 ते 10 आठवड्यांच्या असतात. दिसायला मोठ्या वाटतात, पण जुन्या कोंबडीपुढे ते पोरच. आणि जुनी कोंबडी नव्या तलंगेला मारते ते दुष्टपणाने नाही. कळपात कोण आधी खाणार, कोण वरच्या दांडीवर बसणार, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा नाद होता. कोण कोणाला टोचतं याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि 1921-22 च्या सुमारास हा 'टोचण्याचा क्रम' जगापुढे मांडला. गंमत म्हणजे हा क्रम नेहमी सरळ शिडीसारखा नसतो. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीला! तुमच्या वर्गातही असं एखादं त्रिकूट असेलच.

आता थोडं गणित. घरी 5 जुन्या कोंबड्या आहेत आणि तुम्ही 5 नव्या आणल्या. जुन्यांचं आपसात ठरलेलं आहे, नव्यांचंही. पण जुनी-नवी अशा 5 × 5 म्हणजे 25 जोड्यांचं ठरायचं बाकी आहे. ते टोचाटोचीशिवाय ठरत नाही. आपण ती बंद करू शकत नाही, आपलं काम एवढंच की ती रक्तापर्यंत जाऊ नये. एकटी तलंग कधीच आणू नका, असं जाणती माणसं सांगतात ते याचसाठी. एकटी असली की पाचही जणींचं लक्ष तिच्यावरच. पाच असल्या की तेच लक्ष वाटलं जातं.

पहिले तीन-चार आठवडे नव्या तलंगा पूर्ण वेगळ्या ठेवा, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. हे भांडणासाठी नाही, रोगासाठी. मानमोडी (रानीखेत) आली तर पूर्ण खुराडं रिकामं होतं. नव्यांच्या लसी झाल्या का ते आणतानाच विचारा, आणि जुन्यांना कधी लस दिली तेही आठवा. कारण जुनी कोंबडी धडधाकट दिसत असली तरी तिच्याकडून रक्ती हगवणीसारखा आजार नव्यांना लागू शकतो. आधी जुन्यांना दाणापाणी, मग नव्यांना, आणि मध्ये हात-पाय धुणं. एवढं मुलंही सांभाळतात.

त्यानंतर जाळी. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. खुराड्याला लागून जाळीचं कुंपण करा, नव्या त्या बाजूला, जुन्या या बाजूला. आपल्याकडे संत्र्याचे क्रेट पडलेले असतात, ते आणि थोडी जाळी एवढ्यात काम होतं. दोन्ही बाजूंचं खाणं जाळीजवळच ठेवा. कोंबडी दुसरीला ओळखते ती तिच्या डोक्यावरून, तुऱ्यावरून. आठ-दहा दिवस रोज समोरासमोर दाणे टिपले की अनोळखी चेहरा ओळखीचा होतो. जाळीवर धावून जाणं थांबलं की समजा वेळ जवळ आली. तोवर तलंगाही 14-15 आठवड्यांच्या होतात, अंगाने भरतात.

सोडायचा दिवस मात्र बघून निवडा. मे महिन्यात नको. आपल्या वर्धा जिल्ह्याचं ऊन 45 अंशांवर जातं, कोंबड्या आधीच धापा टाकत असतात, त्यात पळापळ म्हणजे जीवावरच. बरेच जण रात्री अंधारात नव्यांना गुपचूप दांडीवर बसवतात. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे रात्र शांत जाते. पण सकाळी उजाडताच हिशेब सुरू होतो! म्हणून रात्री बसवलंत तर उजाडायच्या आधी खुराड्यापाशी उभं राहा. मला विचाराल तर संध्याकाळी झोपायच्या तासभर आधी मोकळ्या अंगणात एकत्र सोडणं जास्त बरं. भांडायला वेळ कमी, पळायला जागा जास्त.

खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर ठेवा. एकच भांडं असलं की वरची कोंबडी त्यावर राज्य करते, आणि तलंग टोचीने नाही तर उपाशी राहून खंगते. लपायला आडोसा द्या, पण दोन्ही बाजूंनी उघडा. एका तोंडाचा आडोसा म्हणजे सापळाच. पालकाची जुडी उंच टांगली तरी जुन्यांचं मन तिकडे गुंततं.

खाद्याची एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं. ते तलंगेला महिनोन्‌महिने दिलं तर तिची मूत्रपिंडं खराब होतात. म्हणून एकत्र असताना सगळ्यांना वाढीचं (ग्रोअर) खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला गरज आहे ती खाईल.

थोडी पिसं उडाली, पाठलाग झाला, तर मध्ये पडू नका. रक्त दिसलं की मात्र लगेच उठा. लाल रंगावर बाकीच्याही चोच मारतात, म्हणून जखमीला बाजूला घ्या, जखम धुऊन जांभळं औषध लावा. आणि एकच कोंबडी सारखी मारत असेल तर मार खाणारीला नाही, मारणारीला दोन-तीन दिवस वेगळं कोंडा. ती परत येते तेव्हा तिचा तोरा उतरलेला असतो. मार खाणारीला काढलं तर परत आल्यावर तिला सगळं पहिल्यापासून सोसावं लागतं. हे वाचताना तुम्हाला सत्राच्या मध्येच, कापूस वेचणीच्या हंगामात शाळेत आलेलं एखादं लेकरू आठवलं असेल. तक्रार आली की आपण त्यालाच उचलून दुसऱ्या बाकावर बसवतो, नाही का? खोडी काढणारा जागेवरच राहतो.

आणखी एक, त्या 3 नरांचं. घरी आधीच कोंबडा असेल तर वयात आल्यावर चौघांचं जमणार नाही. एक-दोन ठेवा, बाकीच्यांची वेळेवर सोय लावा. बरा कोंबडा मात्र कोंबड्यांची भांडणं स्वतःच मध्ये घुसून मोडतो, तो विकू नका.

मुलांना एक काम देता येईल. रोज संध्याकाळी दांडीवर कोण कोणाशेजारी बसलं ते वहीत लिहायचं. सुरुवातीला नव्या एका टोकाला, जुन्या दुसऱ्या टोकाला. दोन-चार आठवड्यांत रांग मिसळू लागते. पुढे साधारण साडेपाच-सहा महिन्यांच्या वयात तलंगेचा तुरा लाल होतो आणि ती पहिलं अंडं देते, लिंबाएवढं, कधी वर रक्ताची बारीक रेघ असलेलं. घाबरू नका, तो आजार नाही. ते अंडं खायला चांगलंच असतं.