काकूचा शेक आणि भाच्याचे पेटंट

केळशीच्या आमच्या घराण्यात आजवर कुणी कसला शोध लावल्याचे ऐकिवात नाही. वेद पाठ करणारे झाले, सुपारी-नारळाचे हिशेब ठेवणारे झाले, दोन पिढ्या पुरतील असे बांधाचे दावे लावणारेही झाले. पण शोध लागले ते फार तर शेजाऱ्याच्या कुळातल्या भानगडींचे. त्यामुळे माझ्या भाच्याच्या नावावर दोन पेटंटे आहेत ही बातमी गावी पोचली तेव्हा काकूने विचारले, "पेटंट म्हणजे बक्षीस की बढती?" प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. भाच्याला पैसे मिळाले होते ते कंपनीकडून, आणि तेही एका चांगल्या पंख्याच्या किमतीइतके.

हा भाचा पुण्यात असतो. नोकरीची पहिली काही वर्षे त्याने कॉम्प्युटरच्या स्मृतीत, म्हणजे मेमरीच्या चिपांत घालवली. पहिले पेटंट तिथले: चालू चिपमध्ये बिघडू लागलेली जागा हेरून तिची दुरुस्ती करण्याचे. पुढे तो रुग्णालयांची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत गेला, आणि तिथले दुसरे पेटंट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या रोग्याला ऊब देण्याच्या यंत्राचे. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, हे मला बरीच वर्षे कळले नव्हते. एका वैशाखात तो आंब्यांसाठी म्हणून केळशीला आला आणि आमच्या पडवीत त्याला दोन परीक्षक भेटले. एक काका, दुसरी काकू.

काकांचे वय अठ्ठ्याऐंशी. झोपाळ्यावर बसलेले असतात. सकाळी जेवण झाले की नाही ते त्यांना आठवत नाही, मला ते कधी माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारतात, पण तरुणपणी घेतलेली संथा जशीच्या तशी आहे. भाच्याचे कर्तृत्व कानावर घातल्यावर ते म्हणाले, "स्मरणाची दुरुस्ती करतोस म्हणे. मग माझी कर बघू."

भाचा जरा ओशाळला, पण मुलगा शहाणा. तो खाली बसला आणि त्यांना समजेल असे सांगू लागला. आजच्या कॉम्प्युटरमधली स्मृती ज्या घडणीवर उभी आहे तिचे पेटंट रॉबर्ट डेनार्ड या आयबीएमच्या इंजिनियराला १९६८ साली मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर, एवढाच एकेका घराचा संसार. कपॅसिटरात विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. खोड अशी की हा भार सारखा झिरपून जातो. म्हणून प्रत्येक ओळ सेकंदातून पंधरा-सोळा वेळा तरी वाचून पुन्हा भरावी लागते. नाही भरली तर सगळे विसरले.

"म्हणजे रोजची आवृत्ती," काका म्हणाले. "मग त्यात नवे काय?"

दुरुस्तीचे त्याने पंगतीवरून सांगितले. शंभर पाने मांडायची तर शहाणा यजमान चार जास्त मांडतो. एखादे फाटके निघाले की त्या पाहुण्याला गुपचूप राखीव पानावर बसवायचे. वाढप्याला फरक कळत नाही. चिपमध्ये अशाच राखीव ओळी आणि राखीव स्तंभ असतात. कारखान्यात तपासणी होते, बिघडलेल्या ओळीचा पत्ता लेसरने किंवा विजेने बारीक फ्यूज तोडून राखीव ओळीकडे वळवतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ही युक्ती रुळली. ती नसती तर एवढ्या कोट्यवधी घरांतले एक वाईट निघाले म्हणून अख्खी चिप फेकावी लागली असती. भाच्याची भर एवढीच, की चिप कारखान्यातून बाहेर पडून कामाला लागल्यावरही ही अदलाबदल कशी करावी.

"पण फाटके पान कळते कसे?" हा काकांचा दुसरा प्रश्न, आणि तो मुद्द्याचा होता.

त्यावर भाच्याने रिचर्ड हॅमिंगची गोष्ट सांगितली. बेल प्रयोगशाळेतल्या या गणितज्ञाची गणिते शनिवार-रविवारी यंत्रावर चालत. यंत्राला चूक झाल्याचे कळे, पण कळल्यावर ते काम टाकून पुढे जाई. सोमवारी येऊन पाहावे तर उत्तर नाही. हॅमिंग चिडला: यंत्राला चूक झाली हे कळते तर कुठे झाली हे का कळू नये? त्या चिडण्यातून त्याने १९५० साली चूक शोधून सुधारणारी सांकेतिक पद्धत प्रसिद्ध केली, आणि १९५१ मध्ये तिचे पेटंटही निघाले. चार अंकांच्या जोडीला तीन तपासणीचे अंक ठेवायचे, अशा बेताने की सातांतला कोणताही एक बिघडला तर नेमका कोणता ते हिशेबाने सापडावे.

काका थोडा वेळ झोका घेत राहिले. मग त्यांनी डोळे मिटून घन म्हणायला सुरुवात केली. पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे. मग एक पद पुढे सरकून तेच. एकेक पद इतक्या वेळा, इतक्या शेजाऱ्यांबरोबर, सुलट आणि उलट येते की कुठे एक अक्षर ढळले तर लगेच खटकावे. भाचा तोंडाकडे बघत राहिला. कागद नाही, शाई नाही, आणि जादा शब्दांचा एवढा खर्च! "हे कुणी पेटंट केले असते तर," तो मला हळूच म्हणाला. मी म्हटले, मुदत वीसच वर्षांची.

आमच्या पिढीत कुणी ती संथा घेतली नाही. काकांच्या आवृत्तीला आता श्रोता आहे तो माडांचा. ही गोष्ट त्या दिवशी कुणी बोलले नाही, पण पडवीत बसलेल्या प्रत्येकाला ती माहीत होती.

काकूकडे प्रकरण गेले ते दुसऱ्या दिवशी. तिला भाच्याचे यंत्र मुळीच पटले नाही. "उबेचे कसले पेटंट? आम्ही काय बाळंतिणींना गार ठेवले होते?"

तिचे म्हणणे वरवर खरे आहे. कोकणातल्या कुठल्या घरात शेक नाही? बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, पाठीला मिठाची पुरचुंडी, पायांशी फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. आणि नुसते घरगुती नव्हे, शास्त्रोक्तही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय सगळा स्वेदाचा आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने द्यायच्या शेकाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यातला नाडीस्वेद मला फार आवडतो. भांड्यातली वाफ नळीने रोग्याच्या अंगावर सोडायची, पण ती नळी दोन-तीन ठिकाणी वाकवलेली हवी. म्हणजे वाफेचा जोर मोडतो आणि कातडी न भाजता सुखाने घाम येतो. पेटंटाच्या अर्जात ज्याला शोधाचे सार म्हणतात ते हेच: वाफ नव्हे, नळीचे वाकण.

आता भाच्याचे यंत्र पाहा. भूल दिली की शरीराची स्वतःला ऊब राखण्याची व्यवस्था ढिली पडते. पोटातली ऊब हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासाभरातच आतले तापमान एक-दीड अंशाने उतरते. ही काही केवळ सोईची बाब नाही. १९९६ साली दोनशे रोग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांना उबदार ठेवले त्यांच्यातल्या शंभरी सहांच्या जखमा चिघळल्या. ज्यांचे तापमान दोन अंशांनी उतरू दिले त्यांच्यातल्या एकोणीस जणांच्या. म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णालयांत गरम हवेचे पांघरूण आले. पेटीतून नळीने हवा येते, कागदासारख्या दुहेरी पांघरुणात भरते आणि खालच्या बारीक छिद्रांतून अंगावर पसरते. हवा फार तर त्रेचाळीस अंशांची. पण पांघरूण न लावता नुसती नळीच चादरीखाली सारली तर एके ठिकाणी झोत बसून रोगी भाजतो. भाच्याचे पेटंट नेमके तिथले: नळी निसटली तर यंत्राने ते ओळखावे आणि गरम हवा तोडावी.

"कारण तो माणूस ओरडू शकत नाही ना, आजी," भाचा म्हणाला. "भूल दिलेली असते."

हे ऐकल्यावर मात्र काकू हातातले आमसुलांचे सूप बाजूला ठेवून नीट बसली. "हे खरे. ज्याला सांगता येत नाही त्याला शेकताना फार जपावे. तान्हे पोर, बेशुद्ध माणूस, आणि ते मधुमेहाने पाय बधिरलेले. त्यांना पुरचुंडी लावूच नये. आधी कापड ऊन करावे, मग ते पांघरावे." या वाक्यासाठी भाच्याच्या कंपनीने दोन वर्षे आणि बराच पैसा घालवला होता.

काकूचे सगळेच शेक मी डोळे मिटून मान्य करणार नाही. बंद खोलीत खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवणे म्हणजे विषारी वायूला आमंत्रण. तीही खिडकी उघडी ठेवते, पण सगळ्यांच्या काकू ठेवत नसत. तरीही तिच्या हातात काय आहे ते मला २०२० साली कळले. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने आमचा किनारा झोडपला. माड आणि सुपारी काडेपेटीतल्या काड्यांसारखी आडवी, छपरांची कौले रानात, वीज कित्येक दिवस नाही. शेजारच्या सुनेचे नऊ दिवसांचे पोर, वजनाने दोन किलोंच्याही खाली, दोनच दिवसांपूर्वी घरी आणलेले. वरून पाऊस, पोराचे तळवे गार. काकूने माय-लेकरांना आपल्या माजघरात घेतले, पोराला टोपरे घातले, उघडे करून आईच्या उघड्या छातीशी धरले आणि वरून जुन्या लुगड्याचे ऊन केलेले चौघडे गुंडाळले. आई थकली की बापाने तसेच धरायचे. बाप लाजला, काकूने त्याला गप्प बसवले. तीन रात्री हे चालले. ते पोर आता शाळेत जाते आणि आमच्याच कैऱ्या पाडते.

या पद्धतीला जगभर 'कांगारू' म्हणतात. कोलंबियात बोगोटा शहरी डॉक्टर एडगर रे यांनी १९७८ साली, काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून ती सुरू केली. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची निगा शिकवली. बाळाला उबदार ठेवणे हा त्या शिक्षणाचा एक भाग होता. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. आणि यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे. २०११च्या सुमारास बंगळूरहून बाळांसाठी एक झोपण्याची पिशवी बाजारात आली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाची थैली असते. वीट तापवली की ती लगेच निवू लागते. हे मेण गोठता गोठता चार-सहा तास सदतीस अंशांवरच टिकते. विजेचा खर्च थैली तापवण्यापुरता. वादळाच्या रात्री ती असती तर काकूनेही घेतली असती. ती हट्टी आहे, वेडी नाही.

तिचा राग वेगळा होता, आणि तो तिने शेवटी बोलून दाखवला. "तुमचे ते नाव लागते. आमचे काय?"

भाच्याने तिला कायदा सांगितला. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात रोग्यावर करायच्या उपचाराच्या पद्धतीला पेटंट नाही, आणि पुढे केलेल्या दुरुस्तीने परंपरेने चालत आलेल्या ज्ञानालाही नाही. म्हणजे काकू दोन्ही दारांतून बाहेर. पण दुसऱ्या कुणाला तिचे ज्ञान उचलून स्वतःच्या नावावर करता येऊ नये, याचीही तीच कडी. मात्र त्यासाठी ते आधीपासून होते हे दाखवावे लागते. हळदीचे आठवते ना? मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट दिले गेले, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला. सीएसआयआरचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. त्या संस्थेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पण आपल्या सगळ्यांच्या आज्या साक्षीला उभ्या राहिल्या असत्या तरी उपयोग नव्हता. परदेशातली नुसती वहिवाट तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात पुराव्याला चालत नसे. छापील कागद लागे. बत्तीस संदर्भ काढून दिले, त्यांत संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातला लेखही. तो नियम २०१३ पासून सैल झाला आहे, तरी पेटंट तपासणारा साहेब केळशीच्या पडवीत येऊन काकूला विचारील हे संभवत नाही.

पेटंटाचा मूळ सौदाच असा आहे: तुझी युक्ती उघड लिहून दे, वीस वर्षे ती तुझी, पुढे सगळ्यांची. आमच्या घरातल्या युक्त्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या होत्या. लिहिणे तेवढे राहिले.

तेव्हा त्या दुपारी भाच्याने वही काढली. हा दिवाळी अंक छापील आहे, म्हणून त्यातले थोडे इथे देतो. खडे मीठ घ्यावे, बारीक नको; बारीक मीठ फडक्यातून गळते. लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतावे, तडतड थांबली की उतरावे. धुवट सुती कापडाच्या दोन घड्या. तिसरी केली तर ऊब पोचत नाही, एकच ठेवली तर चटका. पुरचुंडी आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून सावकाश दहा मोजावे. दहापर्यंत सहन झाली तर दुखऱ्याला द्यावी, तीही ज्याला "पुरे" म्हणता येते त्यालाच. एके जागी ठेवू नये, फिरवीत राहावे.

भाच्याने सगळे वाचून दाखवले. काकूने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. 'सावकाश' हा शब्द तिनेच घालायला लावला.

"आता उलटे वाच," झोपाळ्यावरून काका म्हणाले.