मागाच्या खोलीतला खड्डा

सोलापूर

चि. सोनू,



परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, की मागच्या खोलीत मधोमध तो चौकोनी खड्डा कशाला ठेवलाय, बुजवून फरशी का घालत नाही. तेव्हा 'लिहून कळवते' म्हणाले, कारण ते सगळं सांगायचं तर तुझ्या पणजोबांपासून सुरुवात करावी लागते.

खड्डा त्यांनी खणला. त्यावर त्यांचा हातमाग होता, खड्डामाग. विणणारा काठावर जमिनीवरच बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबत राहतो. हात धोट्यावर, पाय पावडीवर. आपल्या पूर्व भागात तेव्हा घरोघरी माग होते, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या तर गल्ल्याच्या गल्ल्या. जुनी मिल 1877 साली सुरू झाली, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी आल्या, सगळं गाव भोंग्यावर उठू-बसू लागलं, तरी घरातली खटखट काही थांबली नाही. पणजोबा लुगडी विणत, तुझे आजोबा चादरी.

आता खोलीकडे बघ. भिंती हातभर जाड, वर माळवद, उजेडाला एक साणं, खाली शेणाने सारवलेली जमीन. हे सगळं मुद्दाम केलेलं आहे. सुती धाग्याला ओलसर हवा लागते. कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो आणि ताण्यातले धागे तटातट तुटतात. मिलमध्ये हवा दमट ठेवायला यंत्रं असत. घरात जमिनीवर पाणी शिंपडायचं, खड्ड्यातली ओल राखायची आणि दुपारची झळ आत येऊ द्यायची नाही. तुझी आजी रोज सकाळी खड्ड्याच्या कडेने पाणी मारायची, ते मी पाहिलेलं आहे.

यंत्रमाग वाढले तसा हातमागाचा भाव बसला. आजोबा कारखान्यात पाळीला जाऊ लागले, माग सोडवून लाकूड विकलं. खोली रिकामी झाली. आजीने तिथे आधी सरपण ठेवलं, मग एका उन्हाळ्यात फुटक्या माठाच्या बुडात मिरचीचं बी टाकून तो माठ खड्ड्याच्या काठाला ठेवला. बाहेर अंगणात 43-44 अंशांत तुळसही मान टाकते, आणि इथे रोप तरारून आलं. कारण उघड आहे ना? जी हवा धाग्याला मानवते, तीच कोवळ्या रोपाला. पणजोबांनी सुतासाठी जे बांधलं, त्यात आजीची रोपवाटिका आयती उभी राहिली. मला आपल्या घराचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो याच गोष्टीचा.

म्हणून खड्डा बुजवायचा नाही. आता त्यात पालापाचोळा कुजतो. कडुनिंबाची पानं, भाजीची देठं, रसवंतीवाल्याकडून आणलेला उसाचा चोथा, आणि शेंगांची टरफलं. सोलापुरात शेंगाचटणी करणाऱ्यांकडे टरफलांना काय तोटा! कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते एकच सांगत राहिले, की दारात पडलेला पाला जाळू नका, त्याचीच माती करा. आजीला त्यांचं नावही माहीत नव्हतं, पण करत होती ती तेच. आपली काळी माती नुसती कुंडीत भरली तर पावसात चिखल आणि उन्हात दगड. तिच्यात निम्म्याहून जास्त हे खत घातलं की मगच मुळं मोकळी वाढतात.

तू स्क्रीनवर ज्यांना 'आइस्क्रीमचे कोन' म्हणालीस ना, ते सुताचे कागदी कोन आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यात सूत त्यांच्यावर गुंडाळून येतं, संपलं की रिकामे कोन पोत्याने निघतात. एकात मूठभर खतमाती भरायची. टोकाला भोक असतंच, पाणी आपोआप निथळतं. कोन नुसता उभा राहत नाही, म्हणून तेलाच्या कापलेल्या डब्यात ओली वाळू भरून त्यात टोकाने रोवायचा. वाळूतली ओल खालून वर चढते, वरून पाणी घालावंच लागत नाही. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात याची किंमत कळते. मे महिन्यात वांगी, मिरच्या अशा लावायच्या. मृगाचा पाऊस झाला की टोक भिजून मऊ पडलेलं असतं, कात्रीने तेवढं कापायचं आणि कोनासकट रोप जमिनीत. मुळाला धक्का लागत नाही.

बाकी बागेत विकत घेतलेली कुंडी जवळजवळ नाहीच. तेलाचे पत्र्याचे डबे, भिंतीच्या रंगाच्या बादल्या, गळका रांजण, सिमेंटच्या गोण्या. डब्यांना बुडाशी नव्हे, बाजूला दोन बोटं वर भोकं पाडते, म्हणजे तळाशी थोडं पाणी साठून राहतं. मात्र सूत रंगवण्याच्या कारखान्यातली निळी पिंपं स्वस्त मिळतात म्हणून लोक आणतात, ते मला पटत नाही. त्यात काय काय होतं कोण सांगणार? फुलझाडांना चालतील, खायच्या भाजीला नकोत. विटलेली चादर सावलीला बांधते. सोलापुरी चादर, फाटली तरी दोन उन्हाळे काढते.

अंबाडी शेजारच्या अक्कांची. त्या तिला गोंगूरा म्हणतात, दरवर्षी बी राखतात आणि आपल्याला देतात. आपला चाकवत त्यांच्याकडे जातो. अंबाडी जूनमध्येच पेरायची, पण पालेभाज्यांचा मोठा हंगाम आपल्याकडे सप्टेंबरानंतर, कारण खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो. सगळा मिळून पाऊस बेताचाच, त्यातही मधे मोठा खंड. म्हणूनच वाळू, चोथा, टरफलं यांचा एवढा खटाटोप.

तुझ्या खिडकीतल्या पुदिन्याची पानं कडेने करपतात म्हणालीस. ते ऊन कमी पडल्याने नव्हे, हीटरने हवा कोरडी होते म्हणून. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेव, खाली पसरट ताटात वाळू किंवा खडे घालून ते ओले ठेव, कुंडीचं बूड पाण्यात बुडू देऊ नकोस. आठवडाभरात फरक दिसेल. बी मागितलंस, पण ते देशाबाहेर नुसतं पाकिटातून पाठवता येत नाही, वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला लागतो. तिथलंच घे.

संक्रांतीला, गड्डा यात्रेच्या वेळी येणार असशील तर नोव्हेंबर संपायच्या आत नक्की कळव. चाकवत पेरल्यापासून महिना-सव्वा महिन्यात काढायला येतो, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरायला हवा.

तुझी,
आत्या