नीरेकाठचा ऊस आणि आमच्या सायकली

ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहासाठी निधी जमवत बारामती ते बीड सायकलफेरी काढायचे ठरले आहे. सरावासाठी आम्ही पहाटे बारामती-फलटण रस्त्याला लागतो. जाऊन-येऊन सुमारे ६० किलोमीटर. नीरेकाठी दाट ऊस आणि फडाशेजारी पाचटाच्या कोप्या. दम खायला थांबलो की तिथे बोलणे होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. दिवाळीच्या सुमारास निघालेले बिऱ्हाड उन्हाळ्यातच गावी परतते. मुलांची शाळा बुडते. थोरली पोर फडावर धाकट्याला सांभाळते. वसतिगृह असेल तर ती गावीच राहून शिकेल. बंधुभगिनींनो, आपल्या चहातली साखर यांच्या घामाची आहे. सायकलफेरीला घरटी काहीतरी द्यावे.