नवी सोय केव्हां घालावी?

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या घरीं आला तो एक प्रश्न घेऊनच. ग्रंथ जुळविण्याच्या एका मुक्तस्रोत प्रणालीचें काम तो फावल्या वेळीं पाहतो. मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ संहिता कोणींहि वाचावी, सुधारावी अशी. "काका, लोक रोज नव्या सोयी मागतात. त्या केव्हां घालाव्या?"

मॅट्रिक झालेल्या मास्तरास हें विचारण्याचें कारण घरांत सर्वांस ठाऊक आहे. वडिलांचीं सिद्धांतकौमुदीवरील टिपणें मीं तीन वर्षें खपून संगणकावर उतरविलीं होतीं. मुद्रितें तपासण्याच्या ऐन वेळीं त्या प्रणालीची नवी आवृत्ति आली, आणि जोडाक्षरें जागोजाग मोडलीं. सर्व पुन्हां आरंभापासून वाचावें लागलें. तें पुस्तक आईला हातांत घ्यावयाचें होतें. छापून आलें तेव्हां ती नव्हती.

मीं त्याला 'टेक्'ची हकीकत सांगितली. १९७७ सालीं आपल्या ग्रंथाचीं मुद्रितें कुरूप आलेलीं पाहून अमेरिकेंतील डोनल्ड क्नूथ या पंडितांनीं स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली रचावयास घेतली व ती सर्वांस मोकळी ठेविली. तींत एकूण १२८ चिन्हांचीच सोय होती. १९८९ सालीं युरोपांतील लोक म्हणाले, आमचे उच्चारचिन्हांचे शब्द ओळीच्या शेवटीं नीट तुटत नाहींत. क्नूथ यांनीं तें मानलें, मर्यादा २५६ केली, १९९० सालीं तिसरी आवृत्ति काढली. आणि दार लावून घेतलें. यापुढें नवी सोय नाहीं, केवळ दोषदुरुस्ती! तीहि रोज नव्हे; आलेल्या तक्रारी त्यांनीं २००८, २०१४ व २०२१ सालीं एकत्र पाहिल्या. प्रत्येक दुरुस्तीस आवृत्तीच्या अंकांत परिघ-व्यासगुणोत्तराचा एकेक अंक वाढतो. २०२१ ची आवृत्ति ३.१४१५९२६५३.

"मग आपल्या देवनागरीनें काय करावें?" पुतण्या म्हणाला. शंका रास्त होती. परंतु क्नूथ यांची अट एवढीच, कीं बदल हवा तो करा, नांव मात्र निराळें द्या. १९९१ सालीं हॉलंडांतील फ्रान्स वेल्थुइस यांनीं मूळ प्रणालीस हात न लावतां देवनागरीची व्यवस्था बाहेरून जोडली. २००४ सालीं जोनाथन क्यू यांनीं युनिकोड जाणणारें 'झीटेक्' वेगळ्या नांवानें काढलें. वडिलांचें पुस्तक अखेर त्यांतच जुळलें. कात्यायनांनीं तरी दुसरें काय केलें? पाणिनीच्या सूत्रांशेजारीं वार्तिकें मांडलीं. पुढें काशिकेंत त्यांतील कांहीं सूत्रपाठांतच शिरलीं, आणि मूळ पाठ कोणता हा घोळ विद्यार्थ्यांच्या माथीं आला!

मला वाटतें, सोयीवांचून कोण दाराबाहेर उभा आहे, हें आधीं विचारावें. युरोपीय खरेंच बाहेर होते. आंत बसलेल्यांची हौस मात्र शेजारच्या खोलींत भागते.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें वडिलांच्या टिपणांची जुनी संगणकप्रत मागून घेतली व आपली तयार असलेली नवी सोय तीवर चालवून पाहिली. तिसऱ्याच पानावर एक रफार ढळला. ती सोय अद्याप त्याच्याजवळच आहे.